गाडीची खांदेमळणी

सुताराच्या घरात जळणाला तोटा नसतो. वाकसानं तासलेल्या ढलप्या, करवतीचा भुसा, बाभळीची सालपटं यांचे ढीग पडलेले असत, त्यामुळे आमची चूल सगळ्या निघोजे गावात आधी पेटायची आणि उशिरापर्यंत जळायची. तिच्यावर काय ठेवायचं हा प्रश्न वेगळा. आई हुलग्याचं माडगं करायची, माणसं वाढली की पाणी वाढवायची आणि आम्हाला सांगायची, "कढत कढत प्या, म्हंजी घट्ट लागतं." लागायचं नाही. पण जीभ भाजलेली असली की चवीची तक्रार करता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. लोक हल्ली गरिबीबद्दल फार हळवं लिहितात. मला त्या दिवसांतली आठवते ती ऊब. पोट रिकामं, पण घर मात्र कायम उबदार.

हे दिवस आमच्यावर आणले मोटारीनं, असं माझे थोरले चुलते तात्या म्हणत. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बैलगाडीची चाकं व्हायची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी सुगीला त्याबद्दल धान्य घालायचे. मग नाशिकच्या रस्त्यावर ट्रक धावायला लागले, चाकणचा कांदा-बटाटा ट्रकनं जायला लागला, आणि ज्याला त्याला समजलं की जुनं चाक आणखी चार वर्षं चालवलं तरी चालतं. तात्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत आणि लांबून ट्रकचा आवाज आला की थुंकत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, थुंकत नसत. ते आवाज ऐकत आणि म्हणत, "ह्याचं कायतरी सैल झालंय." तात्यांना हे फितुरीचं लक्षण वाटे.

अशा घराच्या दारात एक दिवस मोटार आली. आली म्हणजे दोन बैलांनी ओढत आणली. पुण्याच्या एका डॉक्टरांचा चिंचवडजवळ मळा होता, तिथं त्यांची जुनी विलायती गाडी वर्षानुवर्षं उभी राहून कुजली होती. तिच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, तो वाळवीनं खाल्ला होता, आणि सांगाडा बसवून देणारा सुतार म्हणून दादांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. दादांनी सगळा सांगाडा बाभळीचा करून दिला. इकडे डॉक्टर मुलाकडे आफ्रिकेत गेले ते तिकडेच राहिले. त्यांचा निरोप आला, गाडी तुम्हीच ठेवून घ्या, चालली तर चालवा. तात्यांनी तो निरोप ऐकला आणि म्हणाले, "जिनं आपला घास काढला, तिलाच दारात बांधायची?" दादा त्या वेळी गाडीखाली आडवे होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि पायांनी काही उत्तर दिलं नाही.

मी तेव्हा चिंचवडला मावशीकडे राहून शिकत होते आणि सुट्टीत घरी आले होते. गाडीच्या कप्प्यात तिचं इंग्रजी पुस्तक सापडलं. दादा लोखंडाचा तुकडा हातात धरून विचारायचे, "हे काय करतं म्हणं?" मी पुस्तकातलं चित्र शोधायची, खालचं इंग्रजी लावायची आणि सांगायची. कॉलेजात पुढे मला बऱ्याच विद्वानांनी शिकवलं, पण इंग्रजीचा असा रोकडा उपयोग पुन्हा पाहायला मिळाला नाही. शब्द चुकला की तेल थेट डोळ्यांत उडायचं. पुस्तकाचाही मधला भाग वाळवीच्या पोटात गेला होता. गिअरचं प्रकरण शाबूत होतं, दिव्यांचं अर्धं होतं, ब्रेकचं मात्र फक्त शीर्षक उरलं होतं. जे पुस्तकात नव्हतं ते दादा बैलगाडीवरून ताडत. पंख्याचा पट्टा तुटला, तेव्हा मोटेच्या चामड्याचा शिवून घेतला. दाराची मूठ मोडली, तिथं घराला असते तशी कडी बसली. सीटमध्ये काथ्या भरला आणि वर आईची गोधडी शिवली. पुढच्या काचेवरचं पाणी पुसायला एक लाकडी पट्टी होती, ती दोरीनं आतून ओढावी लागे. पावसात ते काम माझं. भोंग्याचा रबरी फुगा फाटलेला होता. त्याऐवजी दादांनी पुढच्या बाजूला बैलांची घुंगुरमाळ बांधली, आणि खरं सांगायचं तर भोंग्यापेक्षा घुंगरांना लोक लवकर वाट देत. माझा नातू आज त्याची गाडी ठरल्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकून येतो. तिचं बॉनेट उघडलेलं त्यानं कधी पाहिलंय का, याची मला शंका आहे.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली ती आईमुळे. रेडिएटरला बारीक भेगा होत्या आणि ओतलेलं पाणी तासाभरात अंगणात यायचं. दादांनी डिंक लावून पाहिला, लाख लावून पाहिली. आई परातीत हळद घेऊन आली आणि म्हणाली, "भेगेला हळदच लागती. माणसाची काय अन् लोखंडाची काय." मूठभर हळद पाण्यात गेली, इंजिन तापलं आणि गळती थांबली. मी पुढे विज्ञान शिकले तेव्हा हे कसं झालं ते मला कळलं. त्या दिवशी मात्र घरातल्या सगळ्यांची हळदीवरची श्रद्धा भलतीच वाढली. विंचवापासून इंजिनापर्यंत आता तीच.

त्या गाडीनं आमचं माडगं घट्ट केलं. दादा लोकांना चाकणच्या बाजाराला नेऊ-आणू लागले, आणि पेट्रोल सुटून घरात ज्वारी येऊ लागली. मी मॅट्रिक झाले, तेव्हा पुण्याच्या कॉलेजात जायचं ठरलं ते गाडीच्याच भरवशावर. मावशीच्या दोन खोल्या आता तिच्या दिरांनी भरल्या होत्या. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि तिच्या सासरचा जो तो तिथं कामाला येऊन तिच्याकडे उतरत होता. म्हणून दादा सकाळी मला चिंचवड स्टेशनावर सोडणार, संध्याकाळी घेऊन येणार, असं ठरलं. तात्यांना हे पसंत नव्हतं. मुलीला शिकवायचं आणि वर मोटारीतून न्यायचं, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं एका घरात दोन अपशकुन. ते गाडीत कधी बसले नाहीत. चाकणलाही चालत जायचे, आणि आम्ही मागून आलो की घुंगरांचा आवाज ऐकूनही मान वळवायचे नाहीत.

आमच्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." पोळ्याच्या दिवशी मग बैलाला जू दाखवायचंसुद्धा नाही. आम्ही गावभर बैलगाड्या केल्या, पण आमच्या दारात बैल कधी नव्हता. दरवर्षी त्या संध्याकाळी तात्या दुसऱ्यांच्या गोठ्यांपुढे उभे राहून बघत आणि घरी येऊन न बोलता जेवत. त्या वर्षी ते बाहेरून आले, अंगणात थांबले आणि गाडीकडे बघत म्हणाले, "वरीसभर ओढती आपल्याला. तिचं करायला पायजे."

मोटारीवर थुंकणारा माणूस मोटारीची खांदेमळणी करायला निघाला होता. आईनं पोळ्याच्या पुरणपोळीसाठी साठवलेलं तूप तात्यांनी मागितलं, तेव्हा तेवढी ती म्हणाली, "अन् पोळीवर काय वाढू मग, वंगण?" पण थोरल्या दिरांपुढे तिनं वाटी ठेवली. आता प्रश्न आला, गाडीचा खांदा कुठला. शेजारी म्हणाले, बॉनेट. तात्यांना पटेना. "भार जिथं पडतो तो खांदा," ते म्हणाले, आणि चाकं घडवणाऱ्या माणसानं दिलेलं उत्तर म्हणून ते सगळ्यांना पटलं. योगायोगानं दादांनी त्याच दिवशी ग्रीस भरायला चारही चाकं काढून ठेवली होती. मी आत दुसऱ्या दिवसाच्या पेपरचा अभ्यास करत होते. मला फक्त बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"हे बघ, ह्या चंद्रकोरीसारख्या पट्ट्या. कशा कोरड्या पडल्यात!"

"तात्या, तिथं नको. ते काय हाय ते मला नक्की ठावं न्हाई."

"तुला ठावं न्हाई, मला दिसतंय. उललंय कातडं. टाचंला भेगा पडल्यावानी. चाकाला तेल जास्त झालं असं कधी ऐकलंय का तू?"

दादांनी ऐकलं नव्हतं. बैलगाडीच्या चाकाला वंगण कधी जास्त होत नाही, हे आमच्या घराण्याचं सगळ्यात जुनं ज्ञान. आणि थोरल्या भावाला दुसऱ्यांदा नाही म्हणायची दादांची रीत नव्हती. तूप-हळद चारही चाकांत जिरवली गेली. मग तात्या पुढच्या दिव्याजवळ वाकले, आणि बैलाच्या कानात बोलतात तसं हळूच म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा सहामाहीचा पेपर होता. पुण्यातल्या प्राध्यापकांच्या दारात बैल नव्हते, त्यामुळे त्यांना पोळ्याचं काही नव्हतं. पेपर चुकला तर टर्म मिळणार नव्हती, म्हणजे वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की मला पुन्हा कोण पाठवतंय. मी वेणी घालून, दौत-टाक घेऊन बाहेर आले तर तात्या गाडीपुढे उभे. नवं धोतर, भगवा फेटा.

"आज न्हाई जुंपायची."

"तात्या, मोटार हाय ती," दादा म्हणाले.

"काल न्हवती का मोटार? काल खांदं मळलं, आवतन दिलं, अन् आज जुंपायची? मग मळणी कशापायी केली?"

इतकं बिनतोड बोलणं मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "तात्या, वर्ष जाईल माझं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे की." आई दारात उभी होती. तिनं बॉनेटवर कुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. ती म्हणाली, "भावजी, माळ सुकायच्या आत परत येत्याल. गाडीला मी पुरणपोळी ठेवते." शेवटी तात्यांनीच निर्णय दिला. ते आयुष्यात पहिल्यांदा दार उघडून पुढच्या सीटवर बसले आणि समोर बघत म्हणाले, "मी येतो. वाटंत काय झालं, तर देवाला हे मान्य न्हाई. मग कॉलेज बंद. पुन्हा इषय काढायचा न्हाई." दादा म्हणाले, "बरं." मी मागे बसले. आमची स्वारी घुंगरं वाजवत निघाली आणि वाटेतल्या लोकांनी बैलांना करतात तसा तिला नमस्कार केला. तात्यांनीही हात वर करून तो स्वीकारला. दोन वर्षं नाकारलेली गाडी त्यांना पहिल्या मैलातच आपली वाटायला लागली होती.

नाशिकचा रस्ता मोशीच्या अलीकडे इंद्रायणीच्या पुलाकडे उतरतो. गावातल्या चिखलात ब्रेकची गरजच पडली नव्हती. उतारावर दादांनी पाय दाबला, आणि गाडी आणखी जोरात निघाली. त्यांनी पुन्हा दाबला. त्याच वेळी मला वास आला. तापलेल्या तुपाचा, अगदी शिरा परतताना येतो तसा. खाली पुलाच्या तोंडाशी लोक नदीत धुतलेले बैल घेऊन वर येत होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, रस्ता भरून चाललेले.

"हो! हो! हो रं!" तात्या ओरडले. हे ते गाडीला सांगत होते.

"दादा, गिअर खाली घ्या!" मी मागून किंचाळले. वाळवीनं ते प्रकरण सोडलं होतं. दादांनी दांडा ओढला, इंजिन विव्हळलं, वेग थोडा मोडला. पण बैल फार जवळ आले होते. मग दादांनी चाक डावीकडे फिरवलं आणि गाडी रस्ता सोडून बाजरी निघालेल्या एका वावरात शिरली. रात्री पाऊस झालेला होता. काळ्या मातीनं तिला दहा पावलांत थांबवलं, आणि घुंगरं तेवढी थोडा वेळ वाजत राहिली.

कुणाला काही झालं नव्हतं. तात्या उतरले, फेटा सारखा केला आणि एवढंच म्हणाले, "बघितलं? संपलं कॉलेज." मी दादांकडे बघत होते आणि ते चिखलातल्या चाकाकडे.

तोवर लोक जमले. ते वावर मोशीच्या बबनरावांचं. ते आपली झुलीतली जोडी पोराच्या हाती देऊन आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "राव, रस्ता तिकडं हाय."

"पेरणीला घातली व्हय निघोजेकरांनी मोटार?" दुसरा म्हणाला.

"पोळ्याची जुंपली. देवानं दावलं," तात्या म्हणाले. लोक माना हलवू लागले. पोळ्याला जुंपलेली म्हटल्यावर त्यांना दुसरं कारण लागत नव्हतं.

मला ते कारण चालणार नव्हतं. मी चिखलात बसले आणि चाकाच्या आतल्या बाजूनं जे ओघळत होतं ते बोटावर घेतलं. पिवळं होतं. ग्रीस काळं असतं. वास घेतला आणि बोट दादांपुढे धरलं. दादांनी वास घेतला. बबनरावांनीही पुढे होऊन घेतला.

"तूप हाय की हो!" ते म्हणाले. "गाईचं का म्हशीचं?"

"ब्रेकच्या पट्ट्यांना लागलंय," मी म्हणाले. "चाक धरणार कसं? निसटणारच."

"तूप कुणी घातलं पर?"

तात्या बैलांकडे बघायला लागले. मी नाव घेतलं असतं तर कॉलेज वाचलं असतं, आणि तात्या चार गावांच्या लोकांपुढे उघडे पडले असते. माझ्या जिभेवर नाव आलंही होतं. पण दादा माझ्या आधी बोलले. "आमच्या घरातच घातलं," ते शांतपणे म्हणाले, "खांदेमळणी केली तिची." मग त्यांनी थोरल्या भावाकडे वळून अगदी साध्या सुरात विचारलं, "तात्या, आता देवाचं काय म्हणायचं?"

थोरल्या भावाच्या बोलण्यावर दादांनी आयुष्यात उलट प्रश्न केला तो एवढाच. हसू आधी बबनरावांना फुटलं, मग सगळ्यांना. "मोटारीची खांदेमळणी!" लोक एकमेकांना सांगत होते, आणि नदीवरून नवी माणसं आली की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. तात्यांचे कान लाल झाले.

"बैल लावून ओढा की," गर्दीतलं कुणी म्हणालं.

"आज?" बबनराव म्हणाले. "जू दिसतंय का कुठं? माज्या जोडीला आज देव जरी म्हनला तरी जुंपायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुला कुठं जायचंय?"

"परीक्षेला. पुण्याला."

"ही शिकतीया?" त्यांनी तात्यांना विचारलं.

तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. सगळं मोशी समोर उभं होतं. "मग?" ते म्हणाले. "कॉलेजात हाय आमची पोरगी. सायन्सला." त्यांना माझा विषय ठाऊक आहे, हे मला त्या दिवशी समजलं. मग त्यांनी नव्या धोतराचा कासोटा घट्ट केला, बबनरावांच्या विहिरीवरचा मोटेचा दोर मागवला, गाडीला बांधला आणि पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "बघत काय बसलाय रं? बैलांना सुट्टी हाय. तुमाला कुणी दिली?"

असा पोळा मी पुन्हा पाहिला नाही. झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल रस्त्याकडेला उभे राहून रवंथ करत होते, आणि नव्या धोतरांतली माणसं चिखलात गुडघाभर रुतून मोटार ओढत होती. सगळ्यांच्या पुढे तात्या, भगवा फेटा मानेवर सुटलेला. बाया हसून हसून एकमेकींना धरत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, शेपूट पिरगाळू का?" आणि तात्यांनी दोर न सोडता त्याला अशी शिवी दिली, की ती मी माझ्या नातवंडांसाठी इथं लिहीत नाही.

रस्त्यावर आल्यावर दादांनी आणि मी बाभळीखाली चाकं काढली. टाकीतलं थोडं पेट्रोल काढून पट्ट्या धुतल्या, चिंध्यांनी पुसल्या, मग दादांच्या कानशीनं वरचा चोपडा थर खरडून काढला. तात्या शेजारी बसून चाकाचे नट सांभाळत होते. बोलले एकदाच: "चांगलं तूप होतं." पुढचा रस्ता आम्ही बैलाच्या चालीनं काटला. चिंचवडला पॅसेंजर फलाटाला लागलेलीच होती. मी चिखलानं माखलेल्या पायांनी डब्यात चढले आणि पेपरला पहिली घंटा होऊन गेल्यावर पोचले. देखरेखीला असलेल्या मास्तरांनी माझ्या हातांकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात आलं असावं, पण त्यांनी फक्त उत्तरपत्रिका दिली. पेट्रोल आणि हळदीचा वास तिला शेवटपर्यंत होता. मार्क बेताचे पडले, पण टर्म मिळाली.

कॉलेज बंद करायचं तात्यांनी पुन्हा बोलून दाखवलं नाही. त्यांचं मन बदललं असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही. मुलींच्या शिक्षणाबद्दलची त्यांची मतं शेवटपर्यंत जशीच्या तशी होती. अडचण बबनरावांची होती. ते दर बाजाराच्या दिवशी चाकणला भेटत आणि सगळ्यांदेखत विचारत, "आमच्या परीक्षेचं काय झालं? वावर मोडून धाडलीया पोरगी." ज्यांनी ज्यांनी दोर ओढला होता ते सगळे विचारत. तात्यांना प्रत्येकाला उत्तर द्यावं लागे, आणि पोरगी घरी बसवली हे उत्तर ते मोशीला देऊ शकत नव्हते. म्हणून दर निकालाच्या दिवशी मी घरी पोचायच्या आत तात्या रस्त्यावर येऊन उभे असत. त्यांना लोकांना सांगायची घाई असे.

बबनरावांच्या त्या वावरावरून मी हल्ली कधी जाते. तिथं आता नव्या कोऱ्या गाड्या ओळीनं उभ्या असतात, इथल्याच कारखान्यांतून निघालेल्या. त्यांना बघून मला काही गहिवरून वगैरे येत नाही. ब्रेक चांगले असतील, एवढंच वाटतं.

मी बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. निघोज्यातून पदवी घेतलेली मी पहिली मुलगी.